चपला बाहेर काढायच्या का?

(महिला मंडळांच्या आणि वस्ती पातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

काल दिवसभर आपण घरकामगार मंडळाची नोंदणी, रेशनकार्डावरचं बाईचं नाव आणि पोलीस ठाण्यातले अनुभव यांवर बोललो. आज सकाळी पाण्यावर बोललो. आणि आता जेवणानंतर मी उभी राहिले आहे ती चित्रांविषयी बोलायला! तुमच्यातल्या काही जणींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतंय, 'हे काय मध्येच?' बरोबर आहे. हा प्रश्न मनात धरूनच ऐका, आणि शेवटी मला विचारा.

मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षं वस्तीत बचत गटांचं आणि समुपदेशनाचं काम केलं. गेली सहा वर्षं मुंबईतल्या एका सार्वजनिक कलादालनाच्या शिक्षण आणि वस्तीसंपर्क विभागात आहे. ही नोकरी धरली तेव्हा जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, 'मोर्चे सोडून चित्रं दाखवायला चाललीस?' आणि घरचे म्हणाले, 'तुला साधा आंबा काढता येत नाही, तू तिथे करणार काय?' तर मी काय करते, ते आधी सांगते. पालिकेच्या शाळांतल्या मुलामुलींना दालन दाखवायचं, शिक्षकांची सत्रं घ्यायची, न दिसणाऱ्या मुलांना हाताने चाचपून बघता येतील अशा प्रतिकृती करून घ्यायच्या, चित्रांच्या छापील प्रती घेऊन वस्तीत जायचं, आणि वस्तीतल्या बायकांचे गट दालनात आणायचे. आज मी या शेवटच्या दोन कामांबद्दलच बोलणार आहे.

पहिल्यांदा 'सार्वजनिक' या शब्दाकडे बघू. मुंबईत कला बघायच्या सार्वजनिक जागा कमी नाहीत. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. ते महापालिकेचं आहे. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, तिथे तिकीट लागत नाही. त्याच्या जवळच, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. ते केंद्र सरकारचं. यांतली कितीतरी जागा तुमच्या-माझ्या करांच्या पैशांवर चालते. काडेपेटी विकत घेणारी बाईही कर भरतेच. कुठल्याही बाईला यांच्या दारात अडवता येत नाही. तरीपण मी आत्ता विचारलं, की तुमच्यापैकी किती जणी यांतल्या एका तरी ठिकाणी गेल्या आहेत, तर किती हात वर येतील? राणीच्या बागेला वर येतील, कारण तिथे हत्ती होता, आता पेंग्विन आहेत. बाकीच्या ठिकाणांना थोडेच.

ठराव आणि दार यांच्यामधलं अंतर महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. आणि तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसांना त्या तळ्यापर्यंत चालत जावं लागलं, तेव्हा कुठे ओंजळभर पाणी प्यायलं गेलं. त्यानंतर त्यांच्यावर हल्लेही झाले. चित्रांचं दालन आणि पिण्याचं पाणी यांची बरोबरी मी करत नाही. आमच्या दारात कुणी काठी घेऊन उभं नसतं. पण त्या इतिहासातून एक गोष्ट घ्यावी असं मला वाटतं : कागदावर खुली असलेली जागा माणसं तिथे चालत गेल्याशिवाय खुली होत नाही. आमच्या विभागाचं काम म्हणजे हे चालणं सोपं करणं.

आता बाई का येत नाही, ते बघू. वरिष्ठांच्या बैठकीत याचं उत्तर ठरलेलं असतं : 'त्यांना आवड नसते.' मी वस्तीत गटागटाने बसून विचारलं. आवडीचा मुद्दा फार मागून आला. आधी आली वेळ. आमचं दालन अकरा ते सहा. घरकाम करणाऱ्या बाईला दुपारची सुट्टी मिळते ती साधारण एक ते साडेतीन, आणि त्यात स्वतःच्या घरचा स्वयंपाक, धुणं, मुलाला शाळेतून आणणं. रविवारी मोकळी असेल म्हणाल, तर रविवार हा आठवड्याच्या धुण्याचा आणि घरच्यांच्या मटणाचा दिवस. मासळी विकणारीची सकाळही बाजारात आणि संध्याकाळही बाजारात. नंतर आलं मूल. लहान मूल कुठे ठेवायचं? बरोबर आणलं तर ते धावणार, ओरडणार, हात लावणार, आणि सगळे आईकडे बघणार. नंतर आलं बसचं भाडं. आणि नंतर, जरा आवाज खाली करून, आली मुतारी. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ची चळवळ आपल्याच मैत्रिणींनी चालवली, त्यामुळे या खोलीत हे समजावून सांगायची गरज नाही. बाई बाहेर निघताना पाणी पीत नाही. आमच्याकडे आलेल्या एका गटाने परतल्यावर वस्तीत पहिली बातमी काय सांगितली असेल? 'तिथे स्वच्छ संडास आहे, पैसे घेत नाहीत.' पुढच्या गटात दुपटीने बायका आल्या. मला यात काही कमीपणा वाटला नाही. जागा आपली वाटायला सुरुवात कुठूनही होऊ शकते.

मग पिशवीची तपासणी. सुरक्षेसाठी दारात सगळ्यांचीच पिशवी उघडतात. पण घरकामगार बाईची पिशवी रोज सोसायटीच्या गेटवर उघडली जाते, ती चोर नाही हे रोज सिद्ध करावं लागतं. तिला इथेही 'पिशवी उघडा' म्हटलं की तिच्या मनात काय होतं, ते माझी पर्स उघडताना माझ्या मनात होत नाही. आम्ही दारावरच्या सुरक्षारक्षक बायकांबरोबर बसलो. त्याही कंत्राटी, त्याही वस्तीतूनच येणाऱ्या. त्यांनीच तोडगा सुचवला : गट आला की आधी 'या, बसा, पाणी घ्या', आणि पिशव्या तपासायच्या नाहीत, टोकन देऊन ठेवून घ्यायच्या. साधी गोष्ट. पण ती नियमात बसवायला चार महिने लागले.

आणि एवढं सगळं पार करून बाई उंबऱ्यापर्यंत येते, तेव्हा ती थांबते आणि विचारते, 'चपला बाहेर काढायच्या का?' पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटात हा प्रश्न येतो. मी त्यावर खूप विचार केला आहे. आपण चपला कुठे काढतो? देवळात, आणि ज्यांच्या घरी काम करतो त्यांच्या दारात. म्हणजे या प्रश्नात आदर आहे आणि धाकही आहे. चकचकीत फरशी आपल्या पायांनी मळेल, आणि ती पुसणारी बाई आपल्यातलीच असेल, हेही त्यात आहे. आम्ही सांगतो, 'नाही, घालूनच या.' एका आजींनी त्यावर विचारलं, 'म्हणजे देवाचं नाही, साहेबाचं पण नाही. मग आहे कुणाचं?' सार्वजनिक या शब्दावर मी एवढी पुस्तकं वाचली, पण प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नव्हता.

आत आल्यावर काय होतं? तुम्हाला वाटेल बायका लगेच चित्रं बघतात. नाही. त्या आधी बसतात. दालनात मधोमध दोन बाक आहेत. गार हवा असते, कुणी हाक मारत नाही, कुणी 'अगं, जरा हे दे' म्हणत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे २०११ चं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. मुंबईत बाईला बाहेर दिसायचं तर काहीतरी कारण लागतं, हातात पिशवी नाहीतर मूल लागतं, निष्कारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, असं त्यात मांडलं आहे. कलादालन ही मला अशी थोडीशी रेंगाळण्याची जागा वाटते. मे महिन्यात एक बाई दोन घरांच्या कामांमधल्या वेळात रोज येऊन अर्धा तास बसायची. कुठलंही चित्र बघायची नाही असं मला वाटायचं. एक दिवस ती म्हणाली, 'ते कोपऱ्यातलं निळं काढलंत का? परवापर्यंत होतं.' ते चित्र खरंच काढलं होतं, दुरुस्तीला गेलं होतं, आणि आमच्या कार्यालयातही सगळ्यांना ते माहीत नव्हतं. माझ्या मासिक अहवालात 'लाभार्थी संख्या' असा रकाना आहे. या बाईला मी कुठल्या रकान्यात घालू? आणि 'लाभार्थी' हा शब्द तरी का? जहांगीरमध्ये प्रदर्शनाच्या उद्घाटनाला येणाऱ्यांना कुणी लाभार्थी म्हणतं का? ते प्रेक्षक असतात. मग वस्तीतली बाईही प्रेक्षकच.

आता चित्रांविषयी. आम्ही आधी वस्तीत छापील प्रती घेऊन जातो. अमृता शेरगिल यांचं तीन मुलींचं १९३५ सालचं चित्र आम्ही नेहमी नेतो. मूळ चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे, पण त्याला १९३७ साली सुवर्णपदक दिलं ते बॉम्बे आर्ट सोसायटीने, म्हणजे आपल्या मुंबईशी त्याचं नातं आहे. तीन तरुण मुली शेजारी शेजारी, नजरा खाली, एकमेकींकडे बघत नाहीत. मी फक्त विचारते, 'काय दिसतं?' एका गटात लगेच उत्तर आलं, 'बघायला आलेत. बाहेर पाहुणे बसलेत आणि ह्या आत वाट बघतायत, कुणाला आधी बोलावतात त्याची.' दुसरी म्हणाली, 'छे, वडील गेलेत. आता कोण सांभाळणार, हा विचार आहे.' तिसरी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, 'तिघींना एकच गोष्ट माहीत आहे आणि ती बोलायची नाही असं ठरलंय.' त्यानंतर त्या खोलीत जे बोलणं झालं ते इथे सांगायचं नाही, तसं आमचं गटात ठरलेलं आहे. पण जाणीवजागृतीच्या शिबिरात आपण आकडे आणि कायदा सांगून ज्या विषयापर्यंत दोन तासांनी पोचतो, तिथे त्या स्वतःच्या वाटेने आल्या. चित्राचा एक फायदा असा, की आपल्याबद्दल बोलताना 'ती' बद्दल बोलता येतं. ज्या बाईला 'माझ्या घरी' असं म्हणता येत नाही, तिला 'हिच्या घरी काहीतरी झालंय' असं म्हणता येतं.

पण नुसतं 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारून थांबणंही बरं नाही. काही संस्थांत तशी पद्धत आहे : वस्तीतल्या बायकांना भावना विचारायच्या, माहिती मात्र शिकलेल्यांना द्यायची. आम्ही बोलणं झाल्यावर माहिती सांगतो. शेरगिल कोण होत्या, त्यांची आई हंगेरीची, वडील शीख, पॅरिसमध्ये शिकल्या, १९४१ साली लाहोरला अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. अठ्ठावीस म्हटल्यावर बायका हळहळतात, आणि मग चित्र पुन्हा बघतात. माहिती हाही हक्क आहे.

बी. प्रभा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ साली जन्मलेल्या, नागपूरला आणि मग जे.जे.ला शिकलेल्या. त्यांच्या चित्रांतल्या कोळणी उंच, सडसडीत, लांब मानेच्या, उदास. त्यांच्या चित्राची प्रत मी कोळीवाड्यात नेली तेव्हा माझी चांगलीच करमणूक झाली. 'एवढ्या बारीक बाईला पाटी उचलेल का?' 'हिचा काष्टा बघा, असा असतो का?' 'बाजारात अशी तोंड पाडून बसली तर गिऱ्हाईक येईल का हिच्याकडे?' मी सगळं लिहून घेत होते. मग एक वयस्क मावशी म्हणाल्या, 'थांबा गं. ही बाजारातली नाही. ही बाजार संपल्यावरची आहे. पाटी रिकामी झाली की मान अशीच होते.' सगळ्या गप्प झाल्या. मी आजवर या चित्रांवर वाचलेल्या लिखाणात लांबट आकृतींबद्दल, रंगांबद्दल पुष्कळ आहे. बाजार संपल्यानंतरच्या मानेबद्दल नाही. आम्ही त्या मावशींचं वाक्य आमच्या मार्गदर्शकांच्या टिपणात घातलं. आता शाळेच्या मुलांना ते सांगितलं जातं.

दालनातल्या पाट्या हाही एक विषय आहे. पूर्वी सगळ्या इंग्रजीत होत्या, त्याही गुडघ्याएवढ्या उंचीवर, मुंगीएवढ्या अक्षरात. आता मराठी आणि हिंदीतही केल्या, अक्षर मोठं केलं. त्यात 'अनटायटल्ड' साठी आम्ही 'शीर्षक नाही' असं लिहिलं. एक बाई म्हणाली, 'एवढं मोठं चित्र काढलं आणि बारसंच केलं नाही?' त्या दिवशी गटाने अर्ध्या दालनाची बारशी करून टाकली.

आता अवघड भाग. नग्नचित्रं. कलादालन म्हटलं की ती असणारच. पहिल्यांदा बघताना बायका तोंडाला पदर लावतात, हसतात, काही जणी तिकडे पाठ करतात. त्यांना तसं करू द्यावं. 'कलेच्या नजरेने बघा' असं सांगून कुणाची लाज जात नाही. आम्ही थांबतो. एकदा अशाच थांबण्यातून प्रश्न आला, 'हिला असं किती वेळ बसावं लागलं असेल?' दुसरी म्हणाली, 'पंखा होता का?' तिसरी, 'पैसे किती मिळाले?' मैत्रिणींनो, हे कामगाराचे प्रश्न आहेत. तासांचे, कामाच्या जागेचे, मजुरीचे. कलाशाळांत मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायका याच शहरात राहतात, घरी काय काम करतो ते लपवून राहतात. रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने हा विषय मांडला. २०१७ साली तो गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला आणि २०१८ मध्ये चित्रपटगृहांत आला. अमेरिकेत १९८९ साली गुरिल्ला गर्ल्स या स्त्री-कलावंतांच्या गटाने न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयातली मोजणी करून पोस्टर लावलं होतं : आधुनिक कलेच्या विभागात बायकांची चित्रं पाच टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांमध्ये पंच्याऐंशी टक्के बायका. भिंतीवर बाई किती आणि पाटीवर बाई किती, हे मोजायची सवय आपणही लावून घ्यायला हवी. पुढच्या वेळी कुठल्याही प्रदर्शनाला जाल तेव्हा मोजा.

पाटीवरच्या नावाचा प्रश्न आपल्या घरचा आहे. वारली चित्रं आता साडीवर, कपबशीवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर सगळीकडे आहेत. पण मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिणाऱ्या असत त्या सवाष्णी. तो बायकांचा मान होता. १९७० च्या दशकात कागद आला, बाजार आला, आणि कागदावरचे नावाजलेले कलावंत झाले ते बहुतेक पुरुष. जिव्या सोमा म्हसे मोठेच कलावंत, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचं मोठेपण कमी करायचं नाही. प्रश्न एवढाच, की भिंतीवर लिहिणाऱ्या किती सवाष्णींची नावं आपल्याला सांगता येतील? जोपर्यंत काम भिंतीवर आणि घरात आहे तोपर्यंत ती रीत. त्याला किंमत आली, की ती कला, आणि तिला पुरुषाचं नाव. स्वयंपाकाचंही तेच, शिवणाचंही तेच.

हे सगळं आमच्याच दालनात आमच्यापुढे उभं राहिलं ते एका वाकळीच्या निमित्ताने. दोन वर्षं येणाऱ्या एका गटातल्या बायकांनी ठरवलं, की आपणही काहीतरी करायचं. जुनी लुगडी, युनिफॉर्म, नवऱ्याचे शर्ट, एकीने तर मुलीचं फाटलेलं दप्तर आणलं. चार महिने दुपारी बसून मोठी वाकळ शिवली. दालनाने ती मार्गिकेत लावायचं कबूल केलं. पाटी तयार झाली : 'वस्तीतील महिलांचे सामूहिक काम.' बायका बघायला आल्या, पाटी वाचली आणि शेजारच्या चित्रांच्या पाट्या वाचल्या. 'त्यांच्या खाली नाव आहे, साल आहे. आमच्या खाली वस्ती आहे.' कार्यालयातून उत्तर आलं, की अकरा नावं पाटीवर मावणार नाहीत. त्यावर एक बाई म्हणाली, 'लग्नपत्रिकेत तीस-तीस नावं मावतात, त्यात चिमुकल्यांचीसुद्धा असतात!'

पाटी मोठी करायची ठरली. मग दुसरा प्रश्न : कुठलं नाव? सासरचं, माहेरचं? यावर दोन दुपारी चर्चा झाली, आणि ती मला वाकळीइतकीच महत्त्वाची वाटते. काहींनी सासरचं पूर्ण नाव दिलं, 'मी हेच नाव कमावलंय' म्हणून. काहींनी फक्त स्वतःचं. दोघींनी स्वतःचं आणि आईचं. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव लावणं सरकारनेच बंधनकारक केलं आहे, पण या बायकांनी ते सरकारच्या आधी केलं होतं. एकीने नाव द्यायला नकार दिला. ती इथे येते हे घरी माहीत नव्हतं. बाकीच्या म्हणाल्या, मग दहाच नावं लिहा. ती म्हणाली, 'नाही. नाव नको, पण मी होते हे पाहिजे.' पाटीवर दहा नावं आहेत आणि शेवटी 'आणि एक जण'. मी रोज ती पाटी ओलांडून आत जाते.

पण गोष्ट इथे संपली नाही. दालनातल्या प्रत्येक कलाकृतीला नोंदवहीत क्रमांक असतो. क्रमांक मिळाला की ती वस्तू संग्रहाची होते, तिची निगा राखली जाते, ती सहज फेकता येत नाही, पन्नास वर्षांनीही सापडते. वाकळीची नोंद तिथे नाही. ती 'शिक्षण विभागाचे साहित्य' या यादीत आहे, रंगखडू आणि सतरंज्यांच्या शेजारी. आम्ही अर्ज केला आहे. वर्ष होऊन गेलं. संग्रहात काय घ्यायचं ते जाणकारांची समिती ठरवते, आणि बायकांना चित्रं दाखवायचं काम शिक्षण विभागाचं, ही विभागणी जुनी आहे. तिच्यात एक उतरंड आहे. संग्रह विभागात कायम नोकऱ्या, शिक्षण विभागात वर्षावर्षाच्या कराराच्या, आणि त्यातही बहुतेक बायका. जणू मुलांना आणि पाहुण्यांना सांभाळणं हे इथेही बाईचंच काम. आम्ही आत आणलेल्या बायकांनी भिंत बघावी इतकंच अपेक्षित असतं, भिंतीवर काय लागावं हे ठरवावं असं नाही. २०२२ साली संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या केली. त्यात सर्वांना सुलभ, सर्वसमावेशक, लोकसमुदायांच्या सहभागाने चालणारी संस्था असं म्हटलं आहे. शब्द चांगले आहेत. बोले ठरावाचेही शब्द चांगले होते.

आता तुमचा प्रश्न. रेशन, पाणी, मारहाण असताना चित्रं कशाला? एक तर, चित्राने मारहाण थांबत नाही, असा दावा मी कधीच करणार नाही. गटात कुणी काही बोललं आणि मदतीची गरज दिसली, तर दालन हे समुपदेशन केंद्र नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पोलीस ठाण्यांतून १९८४ पासून चालणारा महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष, तुमच्या संस्था, वकील यांचे पत्ते माझ्या टेबलाच्या खणात असतात, आणि बाईबरोबर मी स्वतः जाते. समाजकार्य शिकलेली व्यक्ती तिथे असण्याचा उपयोग तो. आणि दुसरं म्हणजे, आपण बायकांच्या गरजांची यादी करतो तेव्हा ती नेहमी धान्य, पाणी, संरक्षण इथेच का थांबते? विसावा, सुंदर गोष्टीकडे टक लावून बघणं, आपलं मत असणं, ते कुणीतरी लिहून घेणं, या गोष्टी पोट भरलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत असं आपणच मानलं, तर 'त्यांना आवड नसते' म्हणणाऱ्या साहेबात आणि आपल्यात फरक काय?

शेवटी थोडं कामाचं. तुमच्या गावात, शहरात सरकारी किंवा पालिकेचं दालन, वस्तुसंग्रहालय असेल. तिथे पत्र द्या. गट घेऊन जाणार तर बारा-पंधरा जणींचाच, पन्नास जणींची सहल नको. आधी जाऊन बाक, संडास, मूल ठेवायची जागा बघा. साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या : राणीच्या बागेतलं संग्रहालय बुधवारी बंद असतं, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी. मराठीत सांगणारी व्यक्ती मागा, नसेल तर 'का नाही' ते लेखी मागा. सगळं दालन बघू नका, तीन चित्रं बघा, बसून बघा. किती चित्रं बायकांची आहेत ते मोजा आणि अभिप्राय वहीत लिहा. त्या वह्या वाचल्या जातात, बैठकीत ठेवल्या जातात, हे मी आतली म्हणून सांगते. आणि तुमच्या मंडळातल्या बायकांची वाकळ, चौक, भरतकाम कुणी प्रदर्शनात मागितलं, तर द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा : नाव कुणाचं लागणार, मोबदला किती, आणि नोंद कुठल्या वहीत होणार?

आमच्या अर्जाचं उत्तर आलं की मी या अंकातून नक्की कळवीन. तोवर तुमच्यापैकी ज्यांना मुंबईला यायला जमेल त्यांनी या. चपला घालूनच या.